हबशी, सिद्दी, हबसाण : एका शब्दकुळाचा विचार

मराठ्यांच्या इतिहासाची साधने वाचताना विद्यार्थी ‘हबशी’ आणि ‘सिद्दी’ हे शब्द समानार्थी मानून पुढे जातो. वस्तुतः या दोहोंचे मूळ एक नाही, आणि त्यांत दडलेली माणसाकडे पाहण्याची दृष्टीही एक नाही.

‘हबशी’ मराठीत फारसीवाटे आला. फारसीने तो अरबी ‘हबश’वरून घेतला. परंतु चौथ्या शतकातील अक्सूमचा राजा एझाना याच्या शिलालेखांत ‘हबशत’ हे नाव आढळते. युरोपीयांचे ‘अ‍ॅबिसिनिया’ही त्याच कुळातले. ‘सिद्दी’ची व्युत्पत्ती मात्र सामान्यतः अरबी ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’, या संबोधनापासून देतात. (संस्कृत ‘सिद्ध’शी त्याचे नाते जोडण्याचा मोह आवरलेला बरा.) गोव्याकडील ‘खाप्री’च्या मुळाशी अरबी ‘काफिर’ आहे, पोर्तुगीजांनी तो आफ्रिकनांना लावला. एक शब्द देश सांगतो, दुसरा मान, तिसरा धर्मभेद. आणि आफ्रिकेच्या भूमीशी मुळातून बांधलेला असा पहिलाच.

गंमत अशी की, मराठीने या देशवाचक नावापासून जो प्रदेशवाचक शब्द घडवला, तो आफ्रिकेतील नाहीच. ‘हबसाण’ म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दींचा कोकणातील मुलूख. लोणावळ्याहून बोरघाट उतरून खोपोली, पेण, नागोठणे असे दक्षिणेस गेले की मावळच्या माणसाला हबसाण गाठता येई. खुद्द ‘जंजिरा’ही अरबी ‘जझीरा’चे, म्हणजे बेटाचे, मराठी रूप. १७३३ पासूनच्या पेशव्यांच्या जंजिरा मोहिमेविषयी वाचताना ‘हबसाण’चा अर्थ इथिओपिया असा करणे म्हणजे नकाशाच बदलणे होय.

परक्यांच्या नावांचे असे स्थलांतर मावळाला नवे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभलेखांत धेनुकाकटचे ‘यवन’ दाते भेटतात. मूळ ग्रीकांसाठीचा हा शब्द पुढे कोणाही परकीयास, आणि मराठी बखरींत मुसलमानांस लागू झाला. ‘यवना’चा असा अर्थविस्तार झाला, तर ‘हबशी’च्या वाट्याला अर्थापकर्ष आला. ज्या मलिक अंबरच्या जमाबंदीचे नाव मराठीत ‘मलिकंबरी’ म्हणून रूढ झाले, तो हबशी होता. त्याचे पहिले नाव चापू, आणि त्याला विकत घेणारा निजामशाही मंत्री चंगीझखान हाही हबशीच. १६२६ मध्ये अंबर वारला तेव्हा या शब्दामागे सत्तेचे वजन होते. आज बोलीत ‘हबशी’ हे काळ्या, दांडग्या माणसाला हिणवण्याचे विशेषण उरले आहे.

म्हणूनच शब्दसूचीत ‘हबशी : काळा गुलाम’ असा अर्थ देऊन संपादकाने मोकळे होणे अक्षम्य वाटते. तो अर्थ बोलीतला आहे, साधनांतला नव्हे. शिवाजी महाराजांच्या सेवेतील सिद्दी हिलाल, पन्हाळ्याला १६६० मध्ये वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि जंजिऱ्याचे सत्ताधीश या सर्वांना तो एका रंगाखाली झाकून टाकतो. प्रत्येक नोंदीत मूळ अर्थ, दप्तरी अर्थ आणि बोलीतला अर्थ वेगळे दाखवावेत, आणि निंदाव्यंजक छटा तशी म्हणून नोंदवावी. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडे मराठी व कन्नडमिश्रित कोकणी बोलणारा समाज स्वतःला सिद्दी म्हणवतो; कर्नाटकात २००३ मध्ये त्याचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. ही नोंद उद्या त्या समाजातला विद्यार्थीही वाचणार आहे.