जुना संगणक भंगारात काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबवली. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, त्यामुळे नागभीडसारख्या तालुक्याच्या गावी या तारखेची फारशी चर्चाही झाली नाही. चर्चा होते ती शाळेतला दहा-बारा वर्षांचा सीपीयू दुकानात आणून कुणी ‘यात नवीन विंडोज मारून द्या’ म्हणतो आणि इन्स्टॉलेशन मध्येच अडकते तेव्हा. मग दोन सल्ले मिळतात. एक, भंगारात द्या. दुसरा, जुगाड करून विंडोज ११ बसवा. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्ही घाईचे आहेत.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था, यूईएफआय फर्मवेअर, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या सुमाराचा किंवा नंतरचा हवा. त्याआधीच्या संगणकाला इन्स्टॉलर दारातूनच परत पाठवतो. हा नकार कंपनीच्या धोरणाचा आहे, त्यावरून यंत्र बिघडले असे ठरत नाही. पण विंडोज १० किंवा लिनक्सही बसत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. पुष्कळदा ते अगदी किरकोळ निघते. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आणि पेनड्राइव्ह मात्र यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला, एवढ्यावरूनही विंडोज त्या डिस्कवर बसायला नकार देते. बायोसमध्ये लेगसी पर्याय असेल तर तो निवडावा, किंवा डेटा काढून घेऊन डिस्क जीपीटी करावी. काम पुढे सरकते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर तारीख कित्येक वर्षे मागे जाते, बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात आणि ब्राउझर धडधाकट संकेतस्थळांनाही असुरक्षित ठरवतो. या एका सेलपायी किती संगणक ‘गेले’ म्हणून अडगळीत पडले असतील, कोण जाणे! इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्या टक्क्यावर अडकत असेल तर पेनड्राइव्ह बदलून पाहावा आणि रॅमवर रात्रभर मेमटेस्ट चालवावी. डिस्कची प्रकृती तिच्या स्मार्ट नोंदीत दिसते. ती नोंद वाईट असेल तर त्या डिस्कवर पुन्हा पुन्हा प्रयोग करणे म्हणजे उरलेला डेटाही घालवणे.

एवढे तपासूनही नवे काय बसवायचे हा प्रश्न उरतोच. रूफससारख्या साधनाने बनवलेला पेनड्राइव्ह विंडोज ११ च्या अटी ओलांडतो, हे खरे आहे. पाचव्या-सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर ते बऱ्यापैकी चालतेही. गिऱ्हाईक खूश, दुकानदार मोकळा. पण अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने प्रोसेसरकडे पॉपकाउंटसारख्या सूचना मागितल्या आणि कोअर टू डुओवर ती सुरूच होईना. पुढच्या आवृत्तीत कुणाचा नंबर लागेल, हे आज सांगता येत नाही.

लिनक्सची बाजू भक्कम आहे. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर उभी राहते, ४ जीबीवर सुखाने चालते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे बॉस लिनक्स आहे. केरळने तर ‘काइट’मार्फत सरकारी शाळांतले संगणक उबंटूवर आधारलेल्या प्रणालीवर नेले. पण केरळचे उदाहरण देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. तिथे प्रणालीबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण झाले, पाठ्यपुस्तके त्या प्रणालीला धरून तयार झाली. आपल्याकडे एमएस-सीआयटी करून आलेल्या पिढीचा हात विंडोजवरच बसला आहे, आणि लिनक्स अडले तर ते सोडवणारा माणूस गावात शोधावा लागतो. कृतिदेवमधल्या जुन्या पत्रांची भीती मात्र अकारण आहे. फॉन्ट टाकला की ती लिबरऑफिसमध्ये वाचता येतात. खरी अडचण अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सहीचा टोकन यांची आहे. लिनक्सवर ती चालतील याची खात्री सहसा कुणी देत नाही, आणि लोकांची सरकारी कामे करणाऱ्या सेवा केंद्राचे अर्धे काम त्यांच्यावरच चालते.

राहिले भंगार. १ जीबी रॅमच्या ३२-बिट यंत्रावर वेळ घालवू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. असे यंत्र १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जावे, तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याकडे नको. पण ६४-बिट, ४ जीबीचे यंत्र काढताना नवे कधी येणार, हेही विचारावे. नागपूर–नागभीड नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. जुने गेले आणि नवे अजून यायचे आहे, हा मधला काळ किती लांबतो ते या गावाला कुणी शिकवायला नको. शाळेत तर त्या काळात एका तुकडीचे वर्ष निघून जाते.

आमचे मत असे. निर्णय यंत्राच्या वयावर न घेता त्यावरच्या कामावर घ्यावा. शाळेच्या प्रयोगशाळेत आणि वाचनालयात जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घालून लिनक्स बसवावे; मात्र तालुक्यातल्या दोन-तीन शिक्षकांना आधी शिकवावे, नाहीतर सहा महिन्यांत सगळे पुन्हा विंडोजवर येतील. घरच्या संगणकासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव अपडेट्स जाहीर केली आहेत. विंडोज १० ठेवायचेच असेल तर तेवढी नोंदणी करावी आणि त्या मुदतीत पुढचे ठरवावे. जिथे लोकांचे आधार क्रमांक, अंगठे आणि बँकेचे पैसे एका यंत्रातून जातात, तिथे जुगाडाचे विंडोज ११ बसवू नये आणि अपडेट थांबलेले विंडोजही चालू ठेवू नये. तिथे नवा संगणक घ्यावा, आणि तो खर्च केंद्रचालकावर न ढकलता ग्रामपंचायतीने उचलावा.