मापाचा खरेपणा : गोल्फ स्पर्धेपूर्वीचा आठवडा



हिवाळा आला की आपल्या अनेक घरांत गोल्फच्या हौशी स्पर्धांची निमंत्रणे येऊ लागतात. व्यापारी संघटना, कारखानदारांची मंडळे, माजी विद्यार्थ्यांचे संघ, धर्मादाय संस्था अशा स्पर्धा भरवतात आणि चेंबूरच्या किंवा येरवड्याच्या मैदानावर आपल्यातील पेढीवाले, अडते, कारखानदार आणि अलीकडे त्यांच्या सुना-मुलीही उतरतात. स्पर्धेची तयारी कशी करावी, असे विचारले तर बहुतेक जण फटक्यांच्या सरावाविषयी बोलतील. तो सराव हवाच. परंतु आदल्या आठवड्यात करण्याजोगी आणखी एक तयारी आहे, आणि आपल्या संस्कारांशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अठरा छिद्रांचा एक फेरा असतो, तो पुरा करण्यास चार तासांहून अधिक वेळ लागतो आणि सात-आठ किलोमीटर चालणे होते. चेंडू छिद्रात पाडण्यास ज्याला सर्वांत कमी फटके लागले, तो जिंकतो. हौशी स्पर्धेत प्रत्येक खेळाडूमागे पंच नसतो. झाडीत गेलेला चेंडू कसा सापडला, गवतात तो काठीच्या स्पर्शाने हलला की नाही, हे बहुधा खेळणाऱ्यालाच ठाऊक असते. आणि सोबत चालणारे तिघे कोण असतात? कोणी आपला पुरवठादार, कोणी बँकेचा अधिकारी, कोणी उद्या सोयरीक जुळू शकेल अशा घरचा. चार तासांत माणूस जितका कळतो, तितका तो चार बैठकांतही कळत नाही. चषक घरी आला आणि पत मैदानावर राहिली, तर तो सौदा तोट्याचाच म्हणावा लागेल.

म्हणून पहिले काम हँडिकॅपचे. निरनिराळ्या कुवतीच्या खेळाडूंना बरोबरीने खेळता यावे, यासाठी प्रत्येकाला काही फटक्यांची सूट मिळते. तिलाच हँडिकॅप म्हणतात. नव्वद फटके लागलेल्या खेळाडूचा हँडिकॅप अठरा असेल, तर त्याचे निव्वळ फटके बहात्तर धरले जातात. तोच हँडिकॅप चोवीस दाखवला, तर ते सहासष्ट होतात आणि बक्षीस जवळ येते. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतील उत्तम आठ फेऱ्यांवरून हा आकडा ठरतो. साहजिकच चांगल्या फेऱ्यांची नोंद टाळून केवळ वाईट फेऱ्या नोंदवल्या, तर सूट फुगते. असे करणारे आहेत, आणि ‘सगळेच करतात’ हे त्यांचे उत्तरही ठरलेले आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत अचौर्य व्रताचा एक अतिचार ‘हीनाधिकमानोन्मान’ हा आहे, म्हणजे घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे ठेवणे. फुगवलेला हँडिकॅप हे दुसरे काय आहे? दुकानातील तराजू ज्याने पिढ्यान्‌पिढ्या खरा ठेवला, त्याने हिरवळीवर खोटे माप वापरावे, हे शोभत नाही. तेव्हा स्पर्धेच्या आठ दिवस आधी आपल्या नोंदी तपासाव्यात आणि राहिलेली प्रत्येक फेरी, विशेषतः चांगली झालेली, नोंदवून टाकावी.

दुसरे काम सरावाचे. या आठवड्यात काठी धरण्याची पद्धत किंवा फटक्याची शैली बदलू नये. वर्षभराचा हिशेब दिवाळीच्या आदल्या रात्री नव्याने मांडता येत नाही, तसेच हे आहे. जे येते, तेच घट्ट करावे. उत्तम मैदानाचे प्रमाण साधारणपणे बहात्तर फटक्यांचे असते आणि त्यातील प्रत्येक छिद्राला दोन, म्हणजे एकंदर छत्तीस फटके ग्रीनवरच्या हलक्या ढकलण्याचे धरलेले असतात. निम्मा व्यवहार जिथे होतो, तिथे निम्मा वेळ द्यावा, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. तरीही आपण लांब फटक्यांच्या हौसेत तो वेळ घालवतो. तीन-चार फुटांवरून चेंडू छिद्रात पाडण्याचा अभ्यास रोज अर्धा तास केला, तर स्पर्धेच्या दिवशी तोच उपयोगी पडतो.

प्रत्येक काठीने आपला चेंडू किती अंतर जातो, हेही एका वहीत लिहून ठेवावे. मात्र एखाद्या दिवशी साधलेला सर्वांत लांब फटका लिहू नये, नेहमीचे सरासरी अंतर लिहावे. एका तेजीच्या दिवसाच्या विक्रीवर कोणी वर्षाची खरेदी करत नाही.

तिसरे काम पिशवीचे. नियमाप्रमाणे चौदापेक्षा अधिक काठ्या नेता येत नाहीत. मुलाने सरावासाठी ठेवलेली एखादी काठी तळाशी राहिली, तरी दंड होतो. आदल्या संध्याकाळी त्या मोजाव्यात आणि आपल्या चेंडूंवर ओळखीची खूण करावी. हातमोज्याकडेही लक्ष द्यावे. गोल्फचे मऊ हातमोजे बहुधा मेंढीच्या कातड्याचे असतात. कृत्रिम धाग्याचे चांगले मोजे आता मिळतात, बुटांचेही तसेच. मात्र ते ऐन दिवशी प्रथम घालू नयेत, आधी दोन-तीन फेऱ्या वापरून पाहावेत.

नियमांचे पुस्तक याच आठवड्यात वाचावे. हरवलेला चेंडू शोधण्यास पूर्वी पाच मिनिटे मिळत, २०१९ पासून तीनच मिळतात. ग्रीनवर चेंडू चुकून हलला तर आता दंड नाही, तो जागेवर परत ठेवायचा असतो. ग्रीनबाहेर गवतात तो आपल्यामुळे हलला, तर सामान्यतः एका फटक्याचा दंड लागतो. नियम ठाऊक नसलेला माणूस पुष्कळदा अप्रामाणिक ठरतो, त्याच्या मनात तसे काही नसतानाही.

चौथे काम व्रत-नियमांचे. पहिला फटका पुष्कळदा सूर्योदयाच्या सुमारास असतो आणि नवकारसी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी येते. ज्यांचा हा नियम आहे, त्यांनी पहिली तीन-चार छिद्रे उपाशीपोटी खेळण्याची सवय सरावाच्या दिवसांतच करावी. पुढच्या वाटेसाठी खाखरे, सुका मेवा आणि उकळलेले पाणी सोबत असावे. बक्षीस समारंभ रात्री असेल आणि आपला चोविहार असेल, तर आयोजकांना आधीच नम्रपणे कळवावे. ऐनवेळी ताटापुढून उठण्याने यजमानाला संकोच होतो. छिद्रागणिक पैजा लावण्याची चाल काही मंडळींत असते. जुगार हे सप्तव्यसनांपैकी एक आहे, तेव्हा नकार पहिल्या फटक्यापूर्वीच हसून द्यावा. चातुर्मासात हिरवळीवर चालण्याचा ज्यांचा त्याग आहे, त्यांनी स्पर्धेची तारीख पाहूनच नाव नोंदवावे.

या सर्व गोष्टी आधी का ठरवायच्या? कारण मोहाच्या क्षणी विचाराला वेळ मिळत नाही. पच्चक्खाण भूक लागण्यापूर्वी घेतात, ते याचसाठी.

अमेरिकेचे बॉबी जोन्स स्पर्धांत अखेरपर्यंत हौशी खेळाडूच राहिले. पैशासाठी ते स्पर्धा खेळले नाहीत. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत, वुस्टरच्या मैदानावर, फटका मारण्याच्या तयारीत असता गवतातला त्यांचा चेंडू किंचित हलला. तो हलताना दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. जोन्स यांनी स्वतःहून एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर त्यांची विली मॅकफर्लेन यांच्याशी बरोबरी झाली आणि निर्णायक फेऱ्यांत ते एका फटक्याने हरले. तो दंड घेतला नसता, तर बरोबरीच झाली नसती, विजेतेपद त्यांचे होते. आपल्याकडे याला आलोचना म्हणतात. दोष इतरांच्या दृष्टीस पडण्याची वाट न पाहता तो स्वतः उच्चारावा आणि प्रायश्चित्त घ्यावे. गवतावर उभ्या असलेल्या जोन्स यांना हा निर्णय त्या क्षणी करावा लागला नसणार. तो त्यांच्या स्वभावात आधीच झालेला होता.

दुसरे उदाहरण सहीचे. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचे रॉबर्टो दे व्हिचेन्झो यांनी शेवटच्या दिवशी सतराव्या छिद्रावर तीन फटके घेतले, पण सोबतच्या खेळाडूने कार्डावर चार लिहिले. दे व्हिचेन्झो यांनी ते न तपासता सही केली. खऱ्यापेक्षा अधिक लिहिलेला आकडा सही झाल्यावर कायम राहतो. त्या एका फटक्याने बरोबरी गेली आणि विजेतेपदाची संधीही. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही झाली, तर नियमानुसार सामान्यतः खेळाडू बाद होतो. सत्य व्रताचा ‘कूटलेखक्रिया’ हा अतिचार, म्हणजे खोटा लेख करणे, आपण हुंडी आणि खातेवहीपुरता समजतो. स्कोअरकार्ड हाही लेखच आहे. सही करण्यापूर्वी अठरा आकडे एकेक करून, मार्करसमवेत मोठ्याने वाचण्याची सवय सरावातच लावून घ्यावी.

राहिली आदली रात्र. सूर्यास्तापूर्वी हलके भोजन, पिशवीची शेवटची तपासणी, मग एक सामायिक. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत उद्याच्या चषकाचा विचार मनात येईलच. आला तर त्याला जाऊ द्यावे. त्यानंतर, घरात खेळ शिकणारी मुले असतील, तर त्यांना जवळ बसवून आपला हँडिकॅप किती आणि तो कसा ठरला, हे दाखवावे. मुलांसमोर ज्याचा हिशेब मांडता येतो, त्या मापाने सकाळी निर्धास्त खेळावे.