आधी ओलीचे मूळ शोधा, मग रंगाऱ्याला बोलवा

पाऊस ओसरला, दिवाळी दिसू लागली, की जुन्या घरांतून रंगाऱ्याची शोधाशोध सुरू होते. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची आणि वर ‘वॉटरप्रूफ’ रंगाचे दोन हात मारायचे. पुढच्या श्रावणात त्याच जागी तोच डाग! आमच्या घरी हा कार्यक्रम तीन वर्षे चालला. गच्चीवरही खर्च झाला. मग कुणाच्या तरी लक्षात आले, की डाग एप्रिलमध्येही वाढतो आहे. एप्रिलमध्ये पाऊस कुठला? भिंतीतला नळाचा जुना लोखंडी पाइप गंजून गळत होता. तो एका दिवसात बदलून झाला.

ओल हे लक्षण आहे, रोग नव्हे, हे आपण विसरतो. आणि हा प्रश्न फक्त भिंतीच्या दिसण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीत घरघर आणि दम्याचा त्रास अधिक आढळतो, असे त्यात नोंदवले आहे. घरातल्या मुलाचा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना भिंतीबद्दलही सांगायला हवे.

निदानासाठी तीन प्रश्न पुरतात: ओल कुठे आहे, केव्हा वाढते आणि तिचा आकार कसा आहे?

ओल जमिनीपासून सुरू होऊन तीन-चार फुटांवर थांबत असेल आणि वरच्या कडेला पांढरी खारट पूड दिसत असेल, तर पाणी बहुधा जमिनीतून चढते आहे. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे ते वीट आणि चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून चढते. जुन्या वाड्यांचे काळ्या दगडाचे जोते याच कामाचे होते. घट्ट दगडातून पाणी सहसा वर जात नाही. पण रस्त्यावर थरावर थर पडले, अंगणात फरशी बसली आणि जमीन जोत्याच्या वर आली, की मातीची ओल थेट विटेला भिडते. तिथे रंग काय करणार?

डाग छताजवळ किंवा खिडकीच्या कोपऱ्यात असेल आणि जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवसांत गडद होत असेल, तर फुटलेली कौले, तुंबलेली पन्हळ, गच्चीचा उतार, बाहेरच्या भेगा तपासाव्यात. डाग बारा महिने सारखाच असेल, तर नळ किंवा न्हाणीघर. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा. पाणी न वापरताही सकाळी तो पुढे गेला असेल, तर कुठेतरी गळती आहे.

कपाटामागे किंवा बंद खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली असेल, तर खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर जमत असू शकते. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक-दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर दोष हवेतल्या दमटपणाचा. भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येते आहे.

गवंड्याने आणलेल्या ओल मोजण्याच्या यंत्रावरही डोळे झाकून विसंबू नये. दोन टोकांचे ते यंत्र विजेचे वहन मोजते, आणि भिंतीत क्षार असले तरी आकडा फुगतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. चुन्यातून ओल बाहेर पडून वाळते. सिमेंट ती वाट अडवते, मग पाणी आणखी वर चढते. कारण दूर केल्यावरही घाई नको. जाड भिंत वाळायला इंचाला साधारण महिना धरतात. ती वाळण्याआधी लावलेला रंग पुन्हा सुटणारच.

भाडेकरूने मालकाला, खालच्याने वरच्याला दोष देण्याआधी एक काम करावे. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तारीख लिहावी आणि दर महिन्याला नवी रेघ ओढावी. सोसायटीच्या बैठकीत चढ्या आवाजापेक्षा त्या रेघा जास्त पटतात. यंदा रंगाचा डबा आणण्याआधी निदान एक महिना तरी भिंतीकडे नीट पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत.