निःस्वार्थतेची कसोटी

मनुष्य जे काही करतो ते अखेर स्वतःसाठीच. सेवेतही समाधानाचा स्वार्थ असतोच, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. बाबा आमटे यांचे उदाहरण त्याला वरवर पुष्टीच देते. पावसात भिजत पडलेला कुष्ठरोगी पाहून ते भयाने पळाले. कोणावर उपकार करण्यासाठी नव्हे, तर ते भय जिंकण्यासाठी आपण या कार्याकडे वळलो, असे पुढे त्यांनीच सांगितले. परंतु १९४९ मध्ये वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन झाली, आनंदवन उभे राहिले आणि समाजाने टाकलेली माणसे तेथे स्वकष्टाची भाकरी खाऊ लागली. ज्या ‘स्व’मध्ये परक्याचे दुःख सामावते, त्याला स्वार्थ म्हणण्यात अर्थ तो काय?

नीतिमूल्ये काळानुसार बदलतात, हेही अर्धसत्यच. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढणे एके काळी समाजमान्य होते. पण ज्या मानवी प्रतिष्ठेच्या आधारे आज ते अन्यायाचे ठरते, ती प्रतिष्ठा त्या काळीही त्याच्या ठायी होतीच. ती ओळखणारे थोडे होते, इतकेच.

म्हणून कार्यकर्त्याने स्वतःच्या हेतूची शुद्धता तोलीत बसू नये. आपल्या कामाने कोणाची वाकलेली मान ताठ झाली, एवढे पाहावे.