स्टोअरमधल्या एलॅकचे काय?

२८ नोव्हेंबर २०२५ च्या शुक्रवारी एअरबसचे एओटी निघाले, मागोमाग ईएएसएची इमर्जन्सी एडी आली आणि शनिवारी डीजीसीएचा आदेश. रविवारी पहाटे ५.२९ नंतर एल-१०४ सॉफ्टवेअरच्या एलॅक-बीसह ए-३२० वर्गातल्या विमानाने प्रवासी न्यायचे नाहीत. देशातली ३३८ विमाने यादीत होती. त्यातली उडती विमाने तुम्ही रात्री जागून मोकळी केलीत. श्रेय प्रवक्त्यांनी घेतले, ते नेहमीचेच.

३० ऑक्टोबरला कॅनकून-नेवार्क विमानाने ऑटोपायलट चालू असताना आपणहून नाक खाली घातले, त्यावर आणि सौर प्रारणावर भरपूर लिहून झाले आहे. आमच्याकडे आलेल्या पत्रांचा विषय जास्त लाजिरवाणा आहे. कोणत्या विमानात कोणत्या सॉफ्टवेअरचा एलॅक बसला आहे, हे कागदावरून कळेना!

कळणार कसे? एओजीच्या रात्री एका विमानाचा एलॅक काढून दुसऱ्यात बसवायचा, कार्डावर हार्डवेअरचा पार्ट नंबर लिहायचा आणि सॉफ्टवेअरचा रकाना मागच्या कार्डावरून उतरवायचा, ही आपली रीत. त्यामुळे टेक्निकल सर्व्हिसेसची यादी एक सांगत होती, एमसीडीयूवरचे एलआरयू आयडेंटिफिकेशन दुसरेच. शेवटी बी-टूवाले एकेका विमानात चढून वाचत बसले.

पुढचा प्रकार साहेबी थाटाचा. टास्क कार्ड, टेक लॉग, एडी रजिस्टर भरून झाल्यावर तीच माहिती मुख्यालयाच्या तक्त्यात, मग तोच तक्ता वेगळ्या क्रमाने आणखी एका साहेबांना, आणि वर दर तासाला फोन : ‘किती झाली?’ सॉफ्टवेअर मागे न्यायला दोन-तीन तास. ते नेले हे सांगायलाही तेवढेच. एका वाचकाने तो तक्ता पाठवला आहे. त्यात विमानाचे रजिस्ट्रेशन आहे, तळ आहे, वेळ आहे, सही करणाऱ्याचा परवाना क्रमांक आहे. सुट्या एलॅकसाठी रकाना नाही. फळीवरची पेटी उडत नाही, म्हणून ती मोजलीच नाही.

ती उद्या रात्री उडेल. एडी विमानापुरती नव्हती, बाधित सुटा भाग बसवण्यालाही तिने मनाई केली आहे. पूलमधून किंवा दुरुस्तीहून आलेल्या एलॅकसोबतचा सीए फॉर्म-१ एडीच्या आधीचा असेल, तर तो कितीही कोरा करकरीत असला तरी उपयोगाचा नाही. ‘स्टोअरने सर्व्हिसेबल टॅग लावून दिला’ हे उत्तर चौकशीत चालत नाही. सीआरएसवर सही स्टोअरकीपरची नसते.

तेव्हा वरून परिपत्रक येण्याची वाट पाहू नका. या पाळीतच फळीवरचा प्रत्येक एलॅक तपासा, हँगरमध्ये लांबच्या चेकसाठी उघडून ठेवलेल्या विमानांतलेही पाहा. संशयित पेटी क्वारंटाइनमध्ये टाका, टॅगवर सॉफ्टवेअरचा पार्ट नंबर लिहा. काय सापडले ते आम्हाला कळवा. कंपनीचे नाव आणि रजिस्ट्रेशन नको, पार्ट नंबर मात्र पूर्ण लिहा.