आधी चिकटा ओळखा

जुन्या बाजारातून आणलेल्या टेबलावर तळहात टेकला आणि उचलताना चर्र आवाज आला, की पुढचे सगळे आपल्याकडे ठरलेले असते. हेल्परला हाक, थिनरचा डबा, हाताला लागेल तो फडका. तासाभराने एका कोपऱ्यातला चिकटा फळीभर पसरलेला असतो आणि हेल्परचे डोके गरगरत असते. मग कोणीतरी म्हणतो, सँडर मार. घर्षणाच्या उष्णतेने चिकटा आणखी पातळ होतो, पेपर बघता बघता तुंबतो आणि उरलेला माल लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसतो.

जुने टेबल घेण्याला आमचा विरोध नाही. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पाडलेल्या वाड्याच्या सागाची जाड फळी मिळाली, तर ती सोडू नये. नव्या सागाचा भाव ऐकला की घाम फुटतो. आमची तक्रार आहे ती थिनरवरच्या आंधळ्या विश्वासाबद्दल. थिनर चिकटा विरघळवतो हे खरे, पण तो उडतोही तितक्याच झटपट. फडका फळीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत थिनर हवेत गेलेला असतो आणि विरघळलेला चिकटा तिथे पुन्हा बसतो. रॉकेल सावकाश उडते, म्हणून खरवडायला वेळ देते.

शिवाय प्रत्येक चिकट्याला थिनर लागतच नाही. टेबल कुठल्या कारखान्यातून आले, हे विकणाऱ्याला आधी विचारावे. मशीन शॉपमधले असेल तर वर असते ते किटण: वंगणाचे तेल आणि धातूची भुकटी. हे तेल वर्षानुवर्षे वाळत नाही, नुसती धूळ ओढत राहते. पॉलिशवाल्याकडच्या टेबलावर अळशीचे तेल अर्धवट सुकून बसलेले असते. सनमायकाचे काम होत असेल तर रबरी सोल्यूशन असते. अंगठ्याने रगडले की त्याच्या वळ्या निघतात. सुतारकामाच्या टेबलावर फेविकॉल हमखास सापडतो. १९५९ साली तो बाजारात आला, त्याआधी सांधे सरसाने बसत.

परीक्षा टेबलाच्या खालच्या अंगाला करावी. कोमट पाण्याची ओली चिंधी पंधरावीस मिनिटे ठेवा. फेविकॉलचा पारदर्शक थेंब दुधासारखा पांढरा होतो, फुगतो आणि पटाशीची धार आडवी सरकवली की रबरी पापुद्र्यासारखा उचलला जातो. त्याच्यावर रॉकेल ओतून काही उपयोग नाही. पाण्याने काहीच हलले नाही, तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून टेकवा. बोळा तपकिरी होऊन चिकटायला लागला, तर तो चपडा पॉलिश आहे आणि स्पिरिटनेच निघेल. किटणाला साबणाचे पाणी, मग रॉकेल. टेपचा गोंद हॉट एअर गनने लांबून गरम केला की सुटतो, राहिलेल्याला रॉकेल किंवा थोडे खोबरेल तेलही पुरते. थिनरची पाळी येते ती रबरी सोल्यूशनच्या हट्टी थराला, तीही रॉकेल हरल्यावर आणि तेवढ्याच जागेवर.

मात्र सर्वांत आधी कोरडे खरवडणे. जुने कारागीर फुटक्या काचेच्या तुकड्याने जे करायचे, ते आज पोलादी स्क्रॅपरने करा. निम्मा माल असाच निघतो.

पाण्याचाही अतिरेक नको. टेबल फार जुने असेल आणि सांधे सरसाचे असतील, तर गरम पाण्याची बादली ओतणाऱ्याच्या हातात संध्याकाळी पाय वेगळे आणि फळी वेगळी येते. धुण्याच्या सोड्याने किटण झटकन निघते, पण सागाची फळी काळपट पडते. मग ऑक्झॅलिक ॲसिडने ती उजळवत बसा. आणि जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसे आहे ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून ओले करूनच खरवडायचे.

पेट्रोल वापरणाऱ्यांना काय सांगावे? त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि कोपऱ्यातल्या ग्राइंडरची एक ठिणगी तिला पुरते. थिनरचेही तेच, फक्त आपल्याला त्याची सवय झाली आहे. शटर उघडे, हातात ग्लोव्हज आणि जवळपास हॉट एअर गन नाही, एवढे तरी मालकाने बघावे. हेल्पर स्वतःहून मागणार नाही. टेबलाला नंतर अळशीचे तेल लावले, तर त्याचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापते आणि ढिगात ती उष्णता कोंडून बोळे आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

साफ झालेल्या फळीवर बारीक भुसा टाकून रगडला की उरलासुरला ओशटपणा तो शोषून घेतो. मग जाड वार्निश चढवायचा मोह आवरा. टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या मेणाचा पातळ हात पुरे. पुढच्या वेळी फेविकॉल सांडला तर नखाने निघेल. घाण झालेला थिनर गटारात ओतू नका. डब्याला घट्ट झाकण लावून तो काही दिवस हलवू नका. गाळ खाली बसतो आणि वरचा निवळ थिनर ब्रश धुवायला चालतो.