साहेब झालात, आता हजेरीपुस्तक उघडा!

वज्रेश्वरीला आलेले भाविक अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर अंघोळ करून जातात. मागे उरतात हारफुले, प्लास्टिक, उष्टे-खरकटे. हा कचरा कोणी उचलायचा, हे या देशात जातीने ठरवून ठेवले आहे. आमचा आजचा प्रश्न वेगळा आहे. उचलणाऱ्याच्या हजेरीवर सही कोण करतो?

ग्रामपंचायत कार्यालय म्हणजे चार-पाच माणसांचा कारभार. वसुलीचा लिपिक, शिपाई, पाणी सोडणारा, सफाई कामगार, कंत्राटी संगणक परिचालक. त्यांच्यावर कालचा ग्रामसेवक, 2024 पासूनचा ग्रामपंचायत अधिकारी. आरक्षणामुळे अशा खुर्च्यांवर आपली मुले-मुली बसू लागली. ते कोणाचे उपकार नव्हेत. बाबासाहेब 1917 साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत गेले, तेव्हा परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबूनच फायली फेकत. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. आज फाईल कोणी फेकत नाही. आज ती फक्त ‘सापडत नाही’!

वरच्या खुर्चीची वाट तर सरकारनेच अडवली. पदोन्नतीतील आरक्षण 2017 साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवले आणि 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने राखीव पदेही सेवाज्येष्ठतेने भरायला काढली. त्याविरुद्ध लढलेच पाहिजे.

पण मिळालेल्या खुर्चीचे आपण काय केले? 18 मार्च 1956 रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची व्यथा बोलून दाखवली. ती आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात सफाई कामगाराला ‘ए’ म्हणून हाक मारतो. त्याला हातमोजे, गमबूट मिळाले का? भविष्य निर्वाह निधी कापला, तो भरला का? सरकारने पगाराचे अनुदान करवसुलीच्या टक्केवारीशी बांधले. गावाने घरपट्टी थकवायची आणि उपास झाडूवाल्याच्या घरी! याविरुद्ध पंचायत समितीला पहिले पत्र साहेबांनी लिहायला नको काय? सरपंच रागावतील, बदली होईल, हे आम्हाला कळते. ज्याला बदलीची सोयच नाही, त्याचे काय?

हे एकट्या अकलोलीचे गाऱ्हाणे नाही. शहरातल्या वातानुकूलित कचेऱ्यांतही हेच चालते. सोमवारी कार्यालय उघडेल. माठाजवळ पेले किती आहेत आणि त्यातला एखादा वेगळा, खिळ्याला टांगलेला तर नाही ना, हे आमच्या साहेबांनी स्वतः उठून पाहावे.